मधोमध

ड्रिलचा जळका वास आला, की आखातातल्या वादी अदाईच्या घरातली ती दुपार आठवते. दुबईतल्या कृत्रिम बर्फावर घसरण्यासाठी मुलीने दोन्ही टोके वर वळलेल्या स्की आणल्या होत्या. त्यांवर बुटांची पकड कुठे बसवावी, हा प्रश्न होता. "थोडी मागे. तोल राहील," मी म्हणालो. तोवर घरातला एकही खिळा मला विचारल्याशिवाय ठोकला गेला नव्हता. तिने जावयाकडे पाहिले. "बाबा, तिला उलटंही घसरायचंय. मधोमधच हवी," तो हसून म्हणाला. तिने पेन्सिल त्याला दिली आणि ड्रिल मला. "यल्ला, चला बाबा, भोकं तुम्हीच पाडा. ह्याचा हात हलतो." मी त्याच्या खुणांवर अचूक भोके पाडली. त्याचे म्हणणे बरोबर होते, हे आज मला मान्य आहे. तिने आधी त्याच्याकडे पाहिले, हे अजून नाही.