वर केलेलं बोट

परवा आम्हा हौशी रेडिओवाल्यांच्या सभेत वाद पेटला होता. परवान्याचे नियम बदलणार, तर प्रक्षेपणाची ताकद किती वॅटपर्यंत वाढवून मागायची? सगळ्यांत जोरात मीच बोलत होतो. समोर पेंडसेकाका एक बोट वर करून बसले होते. घरी जोडलेल्या जेमतेम पाच वॅटच्या संचावर बोलणारा हा माणूस. कुणी थांबलं की बोलू, म्हणून ते बोट तसंच वर होतं. मला ते दिसत होतं, तरी मी बोलत राहिलो.

रेडिओवर एकमेकांशी बोलताना आमच्यात एक रीत आहे. एकाचं बोलणं संपलं की दुसऱ्याने बोलण्याचं बटण दाबण्याआधी दोन क्षण गप्प राहायचं. एखादा क्षीण आवाज मधे येऊ पाहत असेल, तर त्याला वाट मिळावी. नवख्यांना हे मीच शिकवतो, हे आणखी वर!

सभेनंतर जिन्यात काका म्हणाले, "रविवारी रेडिओवर तुमचा आवाज खणखणीत येत होता हो. मी तीनदा हाक मारली, पण तुम्ही फटच ठेवली नाहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आणि आत्ता सभेत काय सांगायचं होतं, काका?"

"हेच," ते म्हणाले, आणि कठडा धरून हळूहळू उतरू लागले.