आबांचा एच-इंडेक्स

आमच्या माण तालुक्यात लहान पोरीला कुणी नाव विचारत नाही. "कुणाची गं तू?" एवढंच विचारतात. बापाचं नाव सांगितलं की काम झालं. मला या प्रश्नाचा लहानपणापासून राग. पुढं शिकले, सांगलीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागले आणि संशोधनाला विषय घेतला तो निरनिराळ्या देशांतल्या संशोधनाच्या मोजमापाचा. कोणत्या देशाचं काम जगात किती वाचलं जातं, आणि ते मोजण्याच्या पद्धतीत कुणावर अन्याय होतो, हे शोधून काढण्यात मला फार मजा येते.

गेल्या वर्षी परदेशातल्या एका गटाचा मेल आला. त्यांना काही देशांच्या मूल्यमापनाची तुलना करायची होती, भारतासाठी एकच जागा होती, आणि माझे लेख वाचून त्यांना मीच हवी होते. मी हरखून गेले. आठवडाभरात दुसरा मेल आला. लेख उत्तम आहेत, पण आमच्या नोंदींत तुम्ही सापडत नाही. तुमचा एच-इंडेक्स शून्य दिसतो, आणि शून्यावर कुणाला घ्यायची आम्हाला परवानगी नाही. आपल्या किती लेखांचा इतरांनी किती वेळा आधार घेतला, त्यावरून काढतात तो हा आकडा. वर्गात मी त्यावर तासभर बोलते. सगळ्या जगाला मोजायला निघालेली बाई स्वतःच मोजणीतून गायब होती.

रागारागानं शोधायला बसले आणि शेवटी हसूच फुटलं. शाळेपासून हाताला वळण एकच, आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. लग्नाआधीचे सगळे लेख मी तसेच पाठवले होते. तिकडे शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, त्यामुळे ते लेख माझ्या वडिलांच्या, आबांच्या नावावर जमा. लग्नानंतर शेवटी नवऱ्याचं नाव आलं, तेव्हापासूनचे त्याच्या खात्यात. म्हणजे आबा दहिवडीजवळ मेंढरं राखता राखता आणि नवरा मिरजेत औषधांचं दुकान चालवता चालवता संशोधन करत होते.

आबा तेव्हा डोळे दाखवायला मिरजेला आमच्याकडेच आले होते. जेवताना मी सगळं सांगितलं.

"म्हंजे परदेशात माजं नाव हाय?"

"हाय की. तुमचा एच-इंडेक्स सहा हाय."

"आन पावण्यांचा?"

"दोन."

आबांनी जावयाकडं समाधानानं पाहिलं. "पावणं, लय मागं पडलाय तुमी."

"मामा, तुम्हाला माळावर निवांत वेळ मिळतो," नवरा म्हणाला. "मला गिऱ्हाईक सोडत नाही."

मला ठसका लागेपर्यंत हसू आलं. दुसऱ्या दिवशी आबांनी दवाखान्याच्या रांगेत शेजारच्यांना आपला आकडा सांगितला. एकानं विचारलं, साखरेचा का? आबा म्हणाले, न्हाई, अभ्यासाचा.

मग मला अवघड वाटायला लागलं. जागा हवी तर दोन्ही खाती एक करून वर माझं नाव लावणं भाग होतं. संध्याकाळी भाकरी वाढताना मी म्हणाले, "आबा, तुमचं नाव वरनं काढावं लागंल. न्हाईतर माजी जागा जाती."

आबांचा घास हातातच राहिला. "काढ की. तुजंच हाय ते." मग घास ताटात ठेवून म्हणाले, "सगळंच जातंय व्हय?"

"न्हाई. 'या नावांनीही ओळखल्या जातात' म्हणून खाली एक बारीक ओळ असती. तिथं ठेवते."

"बास झालं. खाली ऱ्हाऊ दे."

नवऱ्याचं नावही तिथंच गेलं, आबांच्या नंतर. त्यावरून तो अजून कुरकुरतो. पुढच्या महिन्यात मेल आला, जागा माझी झाली होती. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले, हातात उलथनं होतं. इतका आनंद मला पीएचडीच्या दिवशीही झाला नव्हता.

सुट्टीत गावी गेले तेव्हा आबांबरोबर दहिवडीच्या बाजारात होते. त्यांच्याच वयाच्या एका म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून मला न्याहाळलं आणि आबांना विचारलं, "ही कुणाची रं?"

माझ्या कपाळावर आठी चढायच्या आतच आबा बोलले.

"ही कुणाची न्हाई, गड्या. मीच हिचा हाय. खालच्या ओळीत."