बेचाळीस पावलांवरचं दार

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. बावीस वर्षं ती तपासणीच्या टेबलाशी उभी होती. एवढ्या वर्षांत एखादा सुटलेला टाका, एखादी वाकडी कॉलर, केसभर सरकलेलं बटण तिच्या नजरेतून निसटलं, असं कधी झालं नाही. चूक दिसली की ती लाल कागदाचा छोटा चिकट बाण काढायची आणि शर्टावर नेमका तिथे लावायची. शिलाई मशीनवरच्या बायका त्या बाणाला टरकून असत. "हिला स्वर्गात नेलं तर ही ढगांची शिवण तपासत बसेल," असं इस्त्रीवाली म्हणायची. इस्त्रीवाली ही शेजारच्या टेबलावरची तिची मैत्रीण. हातातल्या इस्त्रीसारखीच गरम, आणि तशीच अधूनमधून वाफ सोडणारी.

अशा या बाईने आयुष्यात एकच सदोष नग डोळे मिटून पास केला होता. तो नग ती स्वतः होती.

त्याचं असं झालं. सहा वर्षांपूर्वी शिंकताना, खोकताना, हसताना तिची लघवी सुटायला लागली. दोन वर्षं तिने गडद रंगाचे कपडे, पिशवीत एक जास्तीची जोडी आणि अर्धा कप चहा यांवर काढली. मग ऑपरेशन झालं. मूत्रमार्गाखाली जाळीची एक पट्टी झोळीसारखी बसवली. वर्षभर सगळं झकास होतं. नंतर ती पट्टी आत आवळली. आधी लघवी थांबत नव्हती, आता ती होईना. सकाळी पंधरा-पंधरा मिनिटं आत बसायचं आणि बाहेरून नवऱ्याने विचारायचं, "अगं, पेपर देऊ का?" त्यात जळजळ. बसलं की टोचणं. नवरा-बायकोत या वयात जे काही शिल्लक होतं, त्याला तर त्या पट्टीने काटेरी कुंपणच घातलं.

याच सुमारास तपासणीच्या वेळी नर्सने तिला एक फॉर्म दिला होता. आजारामुळे आयुष्याच्या दर्जावर किती परिणाम झाला, असे सगळे प्रश्न. कामावर? झोपेवर? प्रवासावर? समोर चौकटी: कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. ऑपरेशन केलेला डॉक्टर तरुण होता, गोड बोलायचा, न विसरता तिच्या गुडघ्याचीही चौकशी करायचा. तिच्याकडे असा बघायचा, जसा निकालाच्या दिवशी मुलगा आईकडे बघतो. तिला वाटलं, बिचाऱ्याने एवढी मेहनत घेतली, कशाला त्याचं मन मोडा! तिने सगळीकडे 'कधी कधी' वर खूण केली आणि शेवटी त्रासाला दहापैकी दोन गुण दिले. डॉक्टर खूश झाला. "आता एकदम वर्षाने या," म्हणाला.

ते वर्ष तिने कसं काढलं, हे तिचं तिलाच ठाऊक. वर्षाने गेली तेव्हा त्या खुर्चीवर एक वयस्क डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांनी तपासलं, मग जुना फॉर्म बघितला आणि चष्मा काढला. "कागदावर तर तुम्ही नाचायला निघाल्या होतात," त्या म्हणाल्या. "हे दोन कोणी लिहिलं?"

"मीच."

"का?"

"ते डॉक्टर फार चांगले होते हो."

मग दुसरं ऑपरेशन झालं. पट्टी कापली, निघेल तेवढी काढली. टोचणं गेलं, जळजळ गेली, लघवी सुरळीत झाली. आणि त्यासोबत जुनी गळतीही पुन्हा दारात येऊन उभी राहिली. पहिल्याइतकी नाही, पण दुपारपर्यंत दोन पॅड आणि दिवसभर मनात तोच एक हिशेब. त्याला आता सहा महिने होत आले होते. गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं आणि तोच फॉर्म पुन्हा तिच्या पिशवीत होता. तिसरं ऑपरेशन करायचं की नाही, ते या भेटीत ठरणार होतं. या वेळी जाळी नाही, तिच्याच पोटाच्या स्नायूंवरचा पातळ पडदा काढून त्याची झोळी करायची.

घरी नवऱ्याचं मत पक्कं होतं. तो लिफ्टचा मेकॅनिक. तीस वर्षं अडकलेल्या लिफ्टा उघडून त्याची अशी खात्री झाली होती, की जगात बिघडलेली वस्तू नसतेच, दुरुस्तीचा कंटाळा केलेली वस्तू असते.

"दुरुस्तीनंतरही गळतंय म्हणजे काय?" तो भाजी निवडता निवडता म्हणाला. "बसवण्यात चूक. पुन्हा उघडायचं, पुन्हा बसवायचं."

"मी नळ नाही."

"नळ म्हणालो का मी? मी पंप म्हणणार होतो."

यावर तिने त्याच्याकडे असं बघितलं, की निवडलेली भाजी आणि देठं त्याने एकाच पातेल्यात टाकली. पण त्याच्यावर रागावणंही अवघड होतं. दोन्ही ऑपरेशनांनंतर महिना-महिना तिचे कपडे त्याने धुतले होते आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्याला ती पूर्ण बरी व्हायला हवी होती. शंभर टक्के. नव्वदवर थांबलेली लिफ्ट त्याने आजवर कुणाच्या ताब्यात दिली नव्हती.

आणि भिंगबाई? ती थकली होती. झोपेने जाईल असला हा थकवा नव्हता. ऑपरेशनची ती खोली, ती नळी, ते उपाशी राहणं, "कसं वाटतंय आता?" विचारणारे चेहरे आणि प्रत्येक चेहऱ्याला द्यायचं ते हसू. बरं होण्याचंच एक काम मागे लागलं होतं आणि त्या कामाला सुट्टीच नव्हती. नको म्हणावं, तर वाटायचं, उद्या गळती वाढली तर? नवरा काय म्हणेल? हो म्हणावं, तर ती नळी पुन्हा डोळ्यांसमोर यायची.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने फॉर्म टेबलावर पसरला. इस्त्रीवाली डबा घेऊन शेजारी आली. तिला सगळं माहीत होतं. कारखान्यात एवढं माहीत असलेली ती एकटीच.

"हं, वाच मोठ्याने."

"गळतीमुळे तुम्ही घराबाहेर पडणं टाळता का?"

"मागच्या महिन्यात माझ्या भाचीच्या लग्नाला आली होतीस? नाही. लाव खूण, बऱ्याचदा."

"पाणी कमी पिता का?"

"उंटीण आहेस तू. नेहमी."

"कामात अडथळा येतो का?"

इस्त्रीवालीने घास हातातच ठेवला. "तू सांग. दिवसातून किती वेळा जातेस?"

"सात. आठ."

"आणि कितीदा पोचतेस?"

भिंगबाईने लांबच्या दाराकडे बघितलं. बाथरूम हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. तिच्या टेबलापासून बेचाळीस पावलं. ती मोजलेली होती. शिलाईच्या तीन रांगांमधून, सगळ्यांच्या नजरेसमोरून, घाई न दाखवता घाई करायची. तिसाव्या पावलाच्या आसपास सगळा निकाल लागायचा. हे तिने सहा वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. फॉर्ममध्ये पावलांची चौकट नव्हती.

"शर्टांच्या वेळी तू कुणाचं मन सांभाळतेस का गं?" इस्त्रीवालीने विचारलं. "त्या नव्या मुलीची बाही तू दोनदा परत पाठवलीस. ती रडली. तू म्हणालीस, रड आणि मग नीट शिव."

"बाही वाकडी होती."

"मग?"

भिंगबाईने पेन उचललं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक शिवण बघावी तशी, ती फॉर्मवरून फिरली. टोचणं: कधीच नाही. ते खरंच होतं, लिहायला बरं वाटलं. गळती: नेहमी. शेवटी दहापैकी सहा. पण हे सगळं लिहूनही तिचं समाधान होईना. कुठेतरी एक चूक तशीच राहिली आहे आणि ती कुठल्याच चौकटीत बसत नाही, असं तिला वाटत राहिलं. मग तिने बाणांच्या डबीतून एक लाल बाण काढला, कोऱ्या समासात चिकटवला आणि त्याच्या टोकाशी लिहिलं: दमले आहे.

गुरुवारी नवरा सोबत आला. डॉक्टरीणबाईंनी फॉर्म वाचला आणि बाणावर बोट ठेवलं. "हे काय?"

"आमच्याकडे चूक दाखवायची ही पद्धत आहे," भिंगबाई म्हणाली.

"चूक कुणाची?"

"कुणाची नाही. फक्त जागा दाखवली."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिसऱ्या ऑपरेशनबद्दल सगळं सांगितलं. फायदा होऊ शकतो, होईलच असं नाही. पुन्हा लघवी अडकू शकते.

"एक विचारू?" भिंगबाई म्हणाली. "आमच्याकडे शर्ट दोनदाच उसवू देतात. तिसऱ्यांदा उसवला की सुईची भोकं कापडावर राहतात. आतही तसंच असतं का?"

"बरंचसं तसंच. दर वेळी आत वण वाढतो, मग काम अवघड होत जातं. तरी कापडापेक्षा तुम्ही चिवट आहात. करायचं झालं तर होईल. पण घाई नाही. पुढच्या वर्षी म्हणालात तरी चालेल. कधीच नाही म्हणालात तरी. तोवर आमची नर्स व्यायाम शिकवेल."

नवऱ्याने तोंड उघडलं. भिंगबाईने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "अहो, मला आता उघडू नका," ती म्हणाली. "सध्या आहे तशी राहू द्या."

त्याने तोंड मिटलं. परतताना घराच्या कोपऱ्यावर आल्यावर तो म्हणाला, "मला वाटायचं, तुलाच हवंय."

"आणि मला वाटायचं, तुम्हाला."

शुक्रवारी तिने सुपरवायझरला गाठलं. चाळिशीचा माणूस, बोलताना सतत घड्याळ बघायचा. भिंगबाईने रात्रभर वाक्य घोकलं होतं आणि ऐनवेळी ते सगळं विसरली.

"साहेब, माझं टेबल त्या टोकाला हवं. बाथरूमच्या दाराशी."

"तिथे? तिथे वास येतो, उजेड नाही. का बरं?"

"मला वारंवार जावं लागतं. ऑपरेशन झालंय. दोन झालीत."

सुपरवायझरने घड्याळ बघायचं थांबवलं. त्याचे कान लाल झाले. "माझ्या आईलाही..." एवढं म्हणून तो थांबला आणि एकदम साहेबी आवाजात म्हणाला, "पण अंधारात तुम्ही शर्ट कसे तपासणार?"

"दिव्याचं मी बघते. माझ्या घरात एक माणूस दुरुस्तीला काही मिळत नाही म्हणून तळमळतोय."

रविवारी कारखाना बंद असताना नवरा शिडी, वायर आणि दोन ट्यूबलाइट घेऊन आला. ज्या भिंतीला एका दिव्याची गरज होती, तिथे त्याने दोन लावले, एकाला झुकवून कोन बदलता येईल अशी कडी केली, आणि शिडीवरून उतरून तीनदा बटण दाबून पाहिलं. चौथ्यांदा भिंगबाईने त्याचा हात धरला.

"शंभर टक्के," तो म्हणाला.

"दिवा," ती म्हणाली.

"दिवा," त्याने मान्य केलं.

सोमवारी ती नव्या जागी उभी राहिली. दार अकरा पावलांवर होतं. वास खरंच येत होता. इस्त्रीवाली आता हॉलच्या त्या टोकाला राहिली होती. तिथून ती हात हलवून ओरडली, "काय गं, संगमरवरी महाल मिळाला म्हणे!" भिंगबाईला हसू आलं आणि हसता हसता जे व्हायचं ते थोडंसं झालंच. तिने हातातला शर्ट खाली ठेवला, अकरा पावलं चालली, परत आली. येताना पाण्याची बाटली भरून आणली आणि टेबलावर ठेवली. घोटभर पाणी प्यायली, जरा थांबून आणखी एक घोट घेतला.

मग तिने शर्ट उचलून नव्या दिव्याखाली धरला. डाव्या बाहीची शिवण सरळ नव्हती. तिने एक लाल बाण काढला.