दावीद राजाच्या कडेवरचं काळं कोकरू

हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलं नाही. पाळकांना नाही, बहिणीला नाही, मुलालाही नाही. प्रार्थनेत डोळे मिटून देवालासुद्धा कधी नीट सांगितलं नाही — त्याला ठाऊकच असणार, उगाच कशाला त्याचा वेळ घ्या, असं म्हणून टाळलं. बघा, टाळायची किती छान छान कारणं असतात माझ्याकडे! त्र्याहत्तर वर्षांची झाले, तोंडातले दात सगळे पडले, पण ही खोड काही पडली नाही.

आता तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का? — कारण आमच्या प्रार्थनाघराच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. मागणारी आमची सेक्रेटरी, हिंजवडीत नोकरी करणारी चुणचुणीत पोरगी. म्हणाली, "आजी, त्या दाविदाच्या चित्राची हिस्ट्री फक्त तुम्हालाच माहितीये. छान, गोड असं काहीतरी लिहा ना." गोड! बरं बाई, लिहिते. पण एवढं लिहिताना मी दोनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. चहा तर सकाळीच झालाय.

कोळवणच्या खोऱ्यात आमचं प्रार्थनाघर आहे. दगडी भिंती, वर पत्रा. उजव्या हाताच्या भिंतीवर दावीद राजा. शास्त्रातला, म्हणजे बायबलातला तोच — लहानपणी मेंढरं राखायचा, गोफणीनं भला थोरला गडी लोळवला, पुढे राजा झाला, वीणेवर स्तोत्रं म्हणायचा. कॅलेंडरांवर तो गोरापान असतो, निळ्या डोळ्यांचा, जसा काही कधी उन्हात गेलाच नाही. आमचा तसा नाही. आमचा सावळा आहे. डोक्यावर मुकुट, खांद्यावर घोंगडी, आणि कडेवर काळंभोर कोकरू, कपाळावर पांढरा ठिपका. चित्र पुरं झालं तेव्हा मंडळीत कुरकूर झाली होती, "हा राजा म्हणायचा का धनगर?" पाळकसाहेब म्हणाले, "आधी धनगरच होता. शास्त्र वाचता का नुसतं काखेत धरता?" मग कोकरू तरी पांढरं करा, असं निघालं. पण चित्र काढणारे पेंटर सर, पुण्यात चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, भारी हट्टी. "समोर जे आहे तेच काढतो," म्हणाले.

समोर जे होतं — तिथेच यायचंय मला. येते. जरा दमानं येते.

तेव्हा मी पंचविशीची. नवरा शाळेत शिक्षक, म्हणून मी मास्तरीणबाई. ही मास्तरीणबाई कशी होती सांगू? पुण्याहून लग्न होऊन आलेली. तीन वर्षं झाली तरी पावडर लावून विहिरीवर जाणारी. शेणाची पाटी दोन बोटांनी धरणारी. तिची मोठी बहीण पुण्यात, बहिणीकडे सोफा; आणि ती बहीण येता-जाता म्हणायची, "तुला बाई जंगलात दिली." झालं! तेवढं एक वाक्य मास्तरीणबाईंना जेवू देईना. जंगल नाही हे बहिणीला दाखवून द्यायचं, एवढंच त्यांच्या आयुष्याचं ध्येय. आज ती पंचविशीतली बया समोर आली तर तिचं पावडरचं डबडं मी आधी विहिरीत टाकीन.

भातकापणी झाली की आमच्या खोऱ्यात धनगरांची मेंढरं येतात. शेतकरी ती आपल्या खाचरात बसवून घेतात — लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य द्यायचं. आमच्या खाचरात ज्यांचा वाडा, म्हणजे मुक्काम, पडायचा, त्या घरची सून सगुणा. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. त्या वर्षी तिच्या पायात सारखं एक कोकरू घोटाळायचं. आई मेलेलं, तेही मरायला टेकलेलं. सासरा म्हणाला होता, "जगीवलंस तर तुजं." धनगराच्या सुनेचं स्वतःचं काय असतं हो? कळप सासऱ्याचा, घोडं सासऱ्याचं, भांडी सासूची. हे एक कोकरू तिचं. तिनं त्याला बोटानं दूध चाटवलं, भाकरीचा घास चावून भरवला, घोंगडीत पोटाशी घेऊन निजली. जगवलं! आणि मादी होती ती. म्हणजे तिला पिल्लं होणार, पिल्लांना पिल्लं. सगुणा बोटांवर मोजून मला सांगायची — एवढ्या वर्षांनी एवढी, तेवढ्या वर्षांनी तेवढी, मंग माजा येगळा कळप. कोकराचं नाव चांदी, कपाळावरच्या ठिपक्यामुळे.

पेंटर सरांचा जीव चांदीवर बसला. पण वाडा तर आठ दिवसांसाठी लवळ्याकडे निघालेला. तेव्हा मध्ये कोण पडलं? मीच. "ठेव की माझ्याकडे," म्हटलं. "सर अंगणात बसून तिचं चित्र काढतील. मी बघते तिच्याकडे." सगुणानं चांदीला अंगणातल्या खांबाला बांधलं, स्वतः वळलेल्या लोकरीच्या दोरीनं. म्हणाली, "मास्तरीणबाई, गळ्याची गाठ सोडू नगा हां. माज्या हातची हाय, आपसूक सुटायची न्हाई." जाताना चारदा मागे वळून बघितलं. मला नाही, चांदीला.

आता मोत्याचं सांगायला हवं. मोत्या आमचा बोकड. खाऊन खाऊन माजलेला, पण माझा लाडका. चित्र अर्पण करायच्या रविवारी जेवण आमच्याकडे होतं. पेंटर सर, पुण्याचे पाहुणे, सोफावाली बहीण, सगळे येणार. मोत्याच कापायचा, असं सासऱ्यांनी ठरवलेलं. त्या सकाळी घरातले झाडून सगळे फुलं लावायला प्रार्थनाघरात गेले आणि पौडहून खाटीक आला. मी मोत्याला आणायला गोठ्यात गेले. त्यानं माझ्या तळहातात नाक खुपसलं. आणि मी —

थांबा. आधी राजाचं राहिलंय ते सांगते.

मी जगभरच्या दाविदाच्या चित्रांबद्दल बोलते म्हणून लोकांना माझं कौतुक वाटतं. "आजींना कलेची आवड!" आवड कसली डोंबलाची? मी शोधत असते. पुण्यातल्या एका चर्चमध्ये रंगीत काचेत दावीद आहे, ऊन आलं की त्याचा लाल झगा खाली फरशीवर पडतो; तिथे शोधलं. मुलानं पवित्र भूमीच्या यात्रेला नेलं, तिथे राजाची कबर म्हणून दाखवतात, भरजरी कापडानं झाकलेली; बायकांच्या बाजूला उभी राहून बाकीच्या रडत होत्या आणि मी मान वाकडी करून कापडावरची नक्षी तपासत होते. मुकुट, वीणा, अक्षरं. नातवानं मोबाइलवर जुनी जुनी चित्रं काढून दिली. गोफण आहे, राक्षसाचं मुंडकं आहे, गुडघे टेकून रडणारा राजासुद्धा आहे. कोकरू मात्र, मला हवं होतं ते, कुणीच काढलेलं नाही.

कुठलं कोकरू? तर ऐका. दावीद राजा झाल्यावर त्यानं आपल्याच एका शिपायाची बायको घेतली आणि शिपायाला लढाईत मारवलं. तेव्हा नाथान नावाचा संदेष्टा राजाकडे आला. त्यानं राजाला एक गोष्ट सांगितली. एका गावात एक श्रीमंत होता, त्याच्याकडे कळपच्या कळप. आणि एक गरीब होता, त्याच्याकडे एकच कोकरू, त्याच्या घासातलं खाणारं, त्याच्या कुशीत निजणारं. श्रीमंताकडे पाहुणा आला. आपल्या कळपातलं कापायला त्याचा हात होईना, म्हणून त्यानं गरिबाचं कोकरू नेलं आणि पाहुण्याला वाढलं. राजा हे ऐकून संतापला. म्हणाला, असा माणूस जगायच्या लायकीचा नाही! नाथान म्हणाला, तो माणूस तूच.

आमच्याकडे हा अध्याय वर्षातून एकदा तरी वाचला जातो. मी खिडकीशी बसते. त्या दिवशी मला फार खोकला येतो.

तर — मोत्यानं माझ्या तळहातात नाक खुपसलं आणि मी त्याला तिथेच सोडून अंगणात आले आणि चांदीला पुढे केलं. खाटीकसुद्धा थबकला. "हेच का बाई? मादी हाय. कवळी हाय." मी म्हटलं, "हेच." एवढंच. ना पाऊस कोसळला ना वीज पडली. मुकाट्यानं कांदा चिरायला बसले.

सगळ्यांना सांगितलं, खाटकानं मटण पौडहूनच आणलं, मोत्या वाचला. सासऱ्यांना बरंच वाटलं. बहिणीनं दोनदा रस्सा मागून घेतला आणि म्हणाली, "इतकं कोवळं आम्हाला पुण्यात नाही गं मिळत." मास्तरीणबाई फुगल्या! बघा तिला, बघा — हातात पळी, कपाळावर घाम, तोंडभर हसू. हेच हवं होतं ना तुला? मिळालं ना?

पेंटर सरांनी हात धुताना विचारलं, "चांदी दिसत नाही ती?" मी म्हटलं, सुटली, बिबट्यानं नेली असणार. ते तसेच उठून प्रार्थनाघरात गेले आणि तिच्या कपाळावरचा ठिपका पुन्हा एकदा पांढऱ्या रंगानं ठळक करून आले.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. नाही. अजून खालची पायरी आहे.

आठव्या दिवशी सगुणा आली. मी तिच्या हातात रिकामी दोरी दिली. सगळं बिबट्यावर घालता आलं असतं. तो काय जाब विचारायला येणार होता? पण मास्तरीणबाईंना आपली राखण चोख ठेवायची होती. म्हणाले, "तुझी गाठच सैल होती गं. मी काय करणार?" सगुणा रडली नाही. तिनं दोरी इंच इंच चाचपून बघितली. कुठे तुटलेली नव्हती, कुठे कातरलेली नव्हती. मग हळूच म्हणाली, "व्हय. माजीच गाठ ढिली पडली." आणि रडायला लागले कोण, तर मी. भीतीनं. तिला वाटलं चांदीसाठी. तिनंच माझी पाठ थोपटली.

सासऱ्यानं तिला पुन्हा कोकरू दिलं नाही. हिच्या हातच्या गाठीचा भरवसा काय, हा त्या वाड्यावरचा कायमचा टोमणा झाला. सून बांधायला गेली की दीर येऊन गाठ ओढून बघायचा. वेगळा कळप कसला नि काय. आजही सगुणा पिशवीचं तोंड बांधताना दोन गाठी मारते आणि वर हिसका देऊन बघते. पाण्याच्या बाटलीच्या दोरीलासुद्धा. मी ते बघते. दर वर्षी बघते.

कारण ती दर वर्षी येते. वाडा उतरला की आमच्या दारात. "मास्तरीणबाई, माजं लेकरू दावा." मी किल्ली घेऊन पुढे, ती मागे. राजाशी तिला देणंघेणं नाही, उलट त्याच्यावर खेकसते, "आरं ए बाबा, धरलंयस बी कसं! पाय आवळ की तिचं, पडंल की!" मग पदरानं चांदीवरची धूळ पुसते. एका वर्षी माझ्यासाठी घोंगडी घेऊन आली. "तुमी बी लई रडला व्हता तवा," म्हणाली. ती घोंगडी मी एकदाही अंगावर घेतलेली नाही. टाकलेलीही नाही.

आता नाताळ झाला की ती भिंत पाडायची आहे. माणसं वाढली, हिंजवडीच्या बिल्डिंगांमधून गाड्या भरून येतात, जागा पुरत नाही. चित्राचा फोटो काढून मोठा छापून लावणार आहेत. मला मोबाइलवर दाखवला. छान दिसत होता. फक्त कोकराच्या कपाळावर काही नव्हतं. काळं कुळकुळीत. सेक्रेटरी म्हणाली, "तिथे पोपडा निघाला होता ना आजी, तो फोटोवाल्यानं क्लीन केला." मी ओरडलेच, "पोपडा नाही तो! आधी परत लाव!" तिनं विचारलं, "का पण? काय आहे तिथे?"

काय आहे तिथे!

मागच्याच आठवड्यात सगुणा आली. आता तीही वाकलीय, बोटं वळत नाहीत. सोबत नातसून. भिंत पाडणार हे तिला कळलं होतं. तिनं पदरानं चांदीवरची धूळ पुसली. मग नातसुनेला सांगू लागली, "ही माजी चांदी. माजी गाठ ढिली पडली म्हनून गेली. तवा तू बांदशील त्ये नीट बांद." किल्ली माझ्या हातात होती. आम्ही तिघीच होतो. पन्नास वर्षांत याहून सोपी वेळ आली नव्हती. आणि मी काय म्हणाले असेन? — "सगुणा, चहा टाकू का?"

हसा. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

ही दोन पानं मी सेक्रेटरीला देण्याआधी खाली खाचरात घेऊन जाणार आहे आणि सगुणाला वाचून दाखवणार आहे. तिला वाचता येत नाही. नातसुनेसमोर वाचणार, कारण तो टोमणा तिच्यापर्यंत पोचलाय. सगुणा काय म्हणेल ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

सगुणा, तुझी गाठ घट्ट होती. खाटीक दारात खोळंबला होता आणि माझ्या बोटांना ती सुटता सुटेना. नखं तुटली. शेवटी मी चांदीच्या गळ्याशी वाकले आणि दातांनी सोडवली. तिला वाटलं मी लाड करतेय. ती माझा गाल चाटत होती.