एका गालाचं औषध

पाहिल्याबरोबर कशावरही विश्वास ठेवायचा नाही, असं ठरवूनच जन्माला आलेली एकच बाई मी उभ्या आयुष्यात पाहिली, आणि देवाने ती नेमकी माझी नणंद करून पाठवली. वलगावकडे तिचं चार एकराचं काळं वावर आहे, त्यात भाजीपाला. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून पेरणी ते फवारणी सगळं एकटी पाहते, आणि तेही अशा तोऱ्यात की, ती लांबून येताना दिसली की कृषी केंद्रातला माणूस आधी स्वतः घोटभर पाणी पिऊन घेतो. घरात कोणतंही बी आलं की शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळायचे, आठवड्याने कोंब मोजायचे, मगच पेरायचं. हे आमच्याकडे पुष्कळ जण करतात, त्यात काही नवल नाही. पण नवीन औषध आणलं की हिची त्यापुढची तऱ्हा असते. सगळ्या वांग्यांवर ते मारायचं नाही, एक ओळ तशीच कोरडी सोडायची. "ते ओळ साक्षीदार असते वयनी," ती मला सांगते. "तिच्याबिगर औषधानं काम केलं का देवानं, हे समजन कसं?"

ही रीत वावरापुरती राहिली असती तर मी हे लिहायला बसले नसते. पण ती घरात शिरली. चहाची नवी पत्ती आणली की जुन्या पत्तीचा कप शेजारी ठेवून पिणार. डोकं दुखलं तर अर्धी गोळी घेऊन उरलेल्या अर्धीकडे बघत बसणार. लेकीला स्थळ आलं तेव्हा तर तिने मुलाला तीनदा बोलावलं. एकदा सांगून, एकदा न सांगता, आणि एकदा ऐन दुपारी लाइन गेलेली असताना, म्हणजे उकाड्यात माणूस कसा वागतो ते दिसावं. मी म्हटलं, "अहो बाई, मुलगा चांगला दिसतोय, कशाला छळता?" तर म्हणाली, "पाकिटावरचं टमाटर सगळ्याच कंपनीचं लाल असते." जावई सोन्यासारखा निघाला. फक्त तो अजून सासुरवाडीला आला की खुर्चीच्या टोकावर बसतो. न जाणो, परीक्षा संपली नसली तर!

तर अशा बाईच्या हाती माझी नात लागली. रेवा तिचं नाव, तेरा वर्षांची, आठवीत. वर्षभरापासून तोंडावर मुरमं यायला लागली. आधी कपाळावर, मग दोन्ही गालांवर. आमच्या अमरावतीत पोरी गाडीवर बसल्या की डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ गुंडाळतात, पण ही तो घरातही सोडेना. वर्गात कोणीतरी काहीतरी बोललं असणार. तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. खरा घोर पुढेच होता. दोन महिन्यांवर अकोल्याला तिच्या एकुलत्या एका मामाचं लग्न, आणि ही म्हणे, "मी येणार नाही. माझा असा फोटो कायमचा कोणाच्या अल्बममध्ये नको." माझी सून भावाच्या लग्नाच्या याद्या करता करता मधेच डोळे पुसायची. आणि मी? मी या वयात जे करायला नको ते करून बसले. बेसनात लिंबू पिळून पोरीच्या तोंडाला चोळलं. तोंड भाजल्यासारखं लाल झालं, आणि तेव्हापासून ती मला तोंडाजवळ हात आणू देईना.

एक दिवस नणंदबाई मेथीच्या जुड्या घेऊन आल्या. दारातच थबकल्या.

"काऊन वं, घरातबी डाकूवानी तोंड बांधून बसली?"

"आत्याआजी, प्लीज."

"प्लीज काय? पान दाखोल्याशिवाय मले कोणी औषध देते काय? सोड ते फडकं."

नवल म्हणजे पोरीने सोडलं. बाईंनी तिला खिडकीशी नेलं, चष्मा लावला, हनुवटी धरून तोंड इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. माझा जीव वरखाली, की आता ही काय बोलते! बाई म्हणाल्या, "हं. झाड निरोगी हाय. वरवरचा रोग हाय, जाते. पण हे लिंबू कोणं घासलं?" मी मेथी निवडायला घेतली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी सगळं नीट सांगितलं. साध्या फेसवॉशने दिवसातून दोनदा तोंड धुवायचं, फोडायचं नाही, दिवसा सनस्क्रीन, रात्री हे मलम वाटाण्याएवढं.

"ओला वाटाणा का वाळलेला?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ओला, पण लहान." बाईंना हे उत्तर फार आवडलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "शिकलेली हाय." मलमाला दोन-तीन महिने लागतील हे ऐकून रेवाचं तोंड उतरलं. तिने हळूच विचारलं, "मेकअप केला तर चालेल?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या की चालेल, हलका, तेलकट नसलेला, आणि झोपायच्या आधी पूर्ण काढायचा.

त्या पहिल्यावहिल्या मेकअपची खरेदी मी जन्मात विसरणार नाही. दुकानातल्या मुलीने रेवाकडे एक नजर टाकली आणि सगळ्यात पांढरी ट्यूब काढली. बाईंनी ती उचलली, रेवाचा हात धरला आणि सरळ रस्त्यावर! ती मुलगी "आंटी, आंटी" करत मागे. "अवं, पयून नाई राहिली," बाई म्हणाल्या, "उन्हात पाहून राहिली. दुकानाच्या लाइटात सडकं वांगंबी चमकते." भर उन्हात रेवाच्या जबड्याच्या कडेला पाच ट्यूबांचा एकेक ठिपका लावून पाहिला. चार ठिपके पुसले गेले. पाचवा कातडीत असा मिसळला की कुठे लावला ते शोधावं लागलं. "हे तुह्या रंगाचं हाय. ते बाकीचे दुसऱ्याच्या पोरीचे." तोच तीन दिवस कानामागे लावून पाहायचा, खाज आली नाही तरच तोंडाला, असं ठरलं. नाकारलेल्या ट्यूबांचे चार पट्टे बाईंनी स्वतःच्या गालावर ओढले आणि तशाच वलगावच्या बसमध्ये चढल्या. कंडक्टरने घाबरून विचारलं, "मावशी, लागलं काय?" तर म्हणे, "नाई बावा, ट्रायल सुरू हाय."

पाच आठवडे गेले. एका सकाळी रेवा अभ्यासाला बसली होती आणि मला काहीतरी विचित्र वाटलं. डावा गाल चांगलाच निवळलेला आणि उजवा जसाच्या तसा. मी विचारलं तर म्हणाली, "आत्याआजीने सांगितलंय. एक गाल साक्षीदार."

अहो, माझं डोकंच फिरलं! लग्न तीन आठवड्यांवर, आणि या बाईने पोरीच्या तोंडावर एक ओळ कोरडी सोडलेली! फोन लावला तर पलीकडून आनंदाने ओरडल्या, "पण समजलं ना वयनी, औषध चालते म्हणून!" लगोलग त्यांना बोलावून घेतलं आणि डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन उभं केलं. डॉक्टरीणबाई आधी खो खो हसल्या, मग कडक झाल्या. "आजी, हा चेहरा आहे, वावर नाही. आजपासून दोन्ही गालांना लावायचं. पण लग्नापर्यंत उजवा पूर्ण बरा व्हायचा नाही."

रेवाला घेऊन आम्ही बाहेर पडलो. जिन्यात नणंदबाई मधल्याच पायरीवर बसल्या. "रेवा," म्हणाल्या, "चुकलं माय माह्यं. तुह्या लग्नाच्या फोटोची माती केली म्या."

"माझ्या नाही, मामाच्या," रेवा म्हणाली. मग तीही शेजारी बसली. "आत्याआजी, मला ना, सगळे म्हणायचे जाईल जाईल. मला खोटं वाटायचं. आता मी रोज आरशात बघते. एक गाल गेला म्हणजे दुसरापण जाणार. थोडा लेट."

अकोल्याला लग्न सकाळचं होतं. कार्यालयाच्या खोलीत रेवाने आपल्या हाताने तोंडाला तो आमचा उन्हात पारखलेला रंग लावला, ओठांना थोडं गुलाबी. उजव्या गालावरचा उंचवटा काही लपला नाही, जवळून दिसतच होता. तिने आरशात पाहिलं, खांदे उडवले आणि स्कार्फ न घेताच बाहेर निघाली. माझी सून भावाच्या तोंडावरची हळद पुसायचं सोडून तिच्याकडे पाहतच राहिली. तेवढ्यात नणंदबाई रेवाला म्हणाल्या, "थोडं मलेबी लाव. पाहू तं कसं वाटते." नवरा गेल्यापासून बारा वर्षांत ज्या बाईने पावडरसुद्धा लावली नव्हती, तिच्या तोंडावर पोरीने हलक्या बोटांनी रंग चढवला. दोन-चार जणी वळून पाहू लागल्या. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना एकदम वरमाईकडे काम आठवलं.

फोटो सुरू झाले तशा बाई रेवाच्या उजव्या बाजूला भिंतीसारख्या उभ्या. नवरदेवाबरोबर, आजोळच्या मंडळींबरोबर, प्रत्येक फोटोत. शेवटी रेवानेच कोपराने ढकललं. "आत्याआजी, सरक ना! तुझ्यामुळे मी दिसतच नाहीये."

जेवणं उरकून खोलीत आल्यावर बाई आडव्या व्हायला निघाल्या, तर रेवाने त्यांना उठवून बसवलं. "मेकअप काढल्याशिवाय झोपायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय." कापूस ओला करून ती पुसायला लागली. आधी कपाळ, मग नाक, मग उन्हाने रापलेले ते दोन्ही गाल, अगदी सावकाश. नणंदबाई डोळे मिटून बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या पोरीसारख्या. रेवा म्हणाली, "झालं, आत्याआजी." बाईंनी डोळे उघडले नाहीत.

"अजून पुस वं थोडं," त्या म्हणाल्या. "लय वर्सं झाले माह्या तोंडाले कोणाचा हात लागून."

तोंड केव्हाच स्वच्छ झालं होतं. रेवाने नवा कापूस भिजवला.