पाणथरी काढल्यानंतरची आई

माझ्या आईने दारूच्या थेंबाला कधी हात लावला नाही. तरी लिव्हर खराब झालंय म्हटल्यावर लोक तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. अंगात लपून राहिलेल्या जुन्या काविळीने तिला सिरॉसिस झाला होता. आई उरणच्या कोळीवाड्यातली, पनवेलच्या बाजारात मासळी विकणारी. कोणी आडून बोललं तर ती तोंडावर सांगायची, काविळीने झालंय, दारूने नाही. आणि पुढची सुरमई कापायला घ्यायची.

एके सकाळी कोयत्याने तिचं बोट जरासं कापलं आणि दुपारपर्यंत रक्त थांबेना. मी तिला करंजाड्याला माझ्या घरी आणलं. दवाखान्यात तिने मग कबूल केलं, की महिन्यापूर्वी रक्ताची उलटीही झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी समजावलं, की लिव्हर आकसल्यामुळे रक्त मागे तुंबतंय, पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगलीय आणि प्लेटलेट तिच्यातच अडकून संपताहेत. पाणथरी काढली तर रक्तस्रावाचा धोका कमी होईल. लिव्हर मात्र तसंच राहील. नंतर शिरेत गुठळी होऊ शकते, म्हणून सोनोग्राफी चुकवायची नाही. लसी आधीच घ्यायच्या. आणि ताप आला तर घरी बसायचं नाही, कारण पाणथरी नसलेल्या माणसात जंतू झपाट्याने पसरतात.

मी सगळं वहीत लिहून घेतलं. आईला वाचता येत नाही. तिने डॉक्टरांना तेच दोनदा सांगायला लावलं.

ऑपरेशन झालं, प्लेटलेट वाढल्या. माझा विरोध न जुमानता चौथ्या महिन्यात ती बाजारात जाऊन बसली.

वर्षभराने मी तळोज्याला कारखान्यात ड्यूटीवर असताना तिचा फोन आला. ती हॉस्पिटलमधून बोलत होती. बाजारात थंडी वाजून आली, तशी शेजारणीवर टोपली सोपवून ती एकटीच रिक्षाने निघाली होती. तिथल्या नव्या डॉक्टरने तिला बाकावर बसायला सांगितलं. सगळीकडे साथ आहे, गोळी देतो म्हणाला. पुढचं मला नर्सने सांगितलं. आई बसलीच नाही.

"माझी पाणथरी काढलेली हाय," ती म्हणाली. "ताप आला तर थांबायचा नाय, असा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलाय. आदी सुई द्या, मंग कागद लिवा. नायतर त्यांना फोन लावा."

त्याने फोन लावला. दहा मिनिटांत सुई मिळाली.

मी पोचले तेव्हा तिला सलाईन चालू होतं आणि तिला बोंबलांची काळजी लागली होती. रक्तात जंतू सापडले. संध्याकाळपर्यंत थांबली असती तर आपल्या हातात फारसं काही उरलं नसतं, असं मोठे डॉक्टर म्हणाले. तो नवा डॉक्टर शेजारीच उभा होता. त्याने मला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"मुलगी," मी म्हटलं. इतकं ताठ मानेने मी ते आधी कधी सांगितलं नव्हतं.

दहा दिवसांनी ती घरी आली. लिव्हर आहे तसंच आहे. सोनोग्राफीच्या तारखेची आठवण आजही तीच मला करून देते.