गोदामात ऊन नव्हतं

मंडळी, आज आईला अर्धंच उत्तर देऊन बसलोय.

एखादं रसायन हवेत किती वेळात विरतं, याचा अंदाज कॉम्प्युटरवर काढणं हे माझं काम. सुट्टीला बेंबळीला आलोय.

आई म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीच्या ज्वारीवर किडीचं औषध मारायचे. त्याचं बघ की."

बघितलं. "आई, उन्हात काही तासांत विरतं."

तिचा चेहरा उजळला. "मंग तुझ्या अण्णांचा खोकला त्याचा नव्हता म्हन की!"

अण्णा म्हणजे माझे वडील, त्याच सोसायटीच्या धान्य-गोदामाचे राखणदार. ज्वारी चोरीला जाऊ नये म्हणून दार आतून लावून पोत्यांवरच झोपायचे. खोकल्यातच गेले.

माझं गणित मोकळ्या हवेचं होतं.

आई आज पोटभर जेवली. तुम्ही बाकीचं सांगितलं असतं?